सुण्ण

तवंदीच्या घाटात, दुसऱ्या वळणावर,
जुना मैलाचा दगड होता तिथं,
तो उभा असायचा म्हणे.
मारायचा नाही, झपाटायचा नाही,
नुसता चुना मागायचा.

मराठी माणूस दिसला की, "चुना हाय काय, पावणं?"
कानडी दिसला की, "सुण्ण ऐतेन?"
मिट्ट काळोखात त्याला कसं कळायचं कोण कुठला,
ते कमिशन बसवूनही कुणाला कळलं नसतं,
असं अप्पा म्हणायचे
आणि वखारीतले हमाल हसायचे.

चुना नसला, तर सकाळी गालावर
पांढरं बोट उमटलेलं.
"त्याच्याकडं चुनाच नाही, मग बोटाला कुठला?"
मी दुसरीत होते.
तायक्कानं पाठीत धपाटा घातला.
"भुताला हिशेब इचारालीस? गप जेव."

तो कोण, यावर एकमत नव्हतं.
हमाल म्हणत, हमालच, बोदाखाली चिरडलेला.
तायक्का म्हणे, बांधाचा दगड
रात्री वीत वीत सरकवणारा कुणी पाटील,
एका रात्री दगड हातातून सुटेचना.
संकेश्वरचा बसलिंग टेलर सांगायचा,
गोऱ्या साहेबाचा मोतद्दार तो.
साहेब घोडा विकून विलायतेला गेला,
जाताना म्हणाला, इथंच थांब,
आणि ह्याला जा म्हणायला कुणी उरलं नाही.
साहेबाच्या मुलखातही, बसलिंग म्हणे,
दर तिकटीवर असा एक जण उभा असतो,
पण ते लोक तंबाखू मळत नाहीत,
म्हणून त्यांचं भुताशी बोलणं होत नाही.
मला हाच खरा वाटायचा.

अप्पांनी मुनिमहाराजांसमोर तंबाखू सोडली.
डबी सोडली नाही.
पितळी, दोन तोंडांची,
एकीकडं रिकामी, दुसरीकडं चुना.
वाळला की चार थेंब पाणी घालायचे.
कशाला, आई विचारायची.
"घाटातनं जाणं-येणं असतंय," एवढंच.

मग रस्ता चौपदरी झाला.
वळण कापलं, दगड कुठल्याशा भरावात गेला,
वडाला आधी नंबर घातला, मग करवत.
ताशी ऐंशीनं जाणाऱ्याकडं
चुना मागायचा तरी कसा.

परवा बेळगावहून अप्पांना आणलं.
दवाखान्यानं त्यांचे कपडे पिशवीत बांधून दिले,
दोन भाषांतल्या कागदावर एकच सही घेतली.
रात्रीचे अडीच.
गाडीत अप्पा, मी आणि दस्तगीर ड्रायव्हर.
घाट उतरताना त्यानं गाडी कडेला घेतली.
"पाच मिनिटं, अक्का, झोप येवालीय."
खाली उतरला, तळव्यावर तंबाखू घेतली,
सगळे खिसे चाचपले
आणि काचेशी वाकला.
"सुण्ण ऐतेन?"

इतका वेळ तो मराठीत बोलत होता.

मी पिशवीची गाठ सोडली.
बंडीच्या खिशात डबी होती.
झाकण उघडलं.
अकरा दिवस दवाखान्याच्या कपाटात,
आणि चुना ओला होता.

हातात द्यायचा नसतो, हा नियम.
दगडावर ठेवायचा, मागं न बघता निघायचं.
दगड नव्हता.
मी हातात दिला.
त्यानं नखभर घेतला, मळला, दोन थापा मारल्या,
मागं अप्पांकडं बघून कपाळाला हात लावला,
डबी पुसून परत केली.
निपाणीपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

सकाळी अंगणात माणसं जमली.
तायक्का, नव्वदीची, काठी टेकत आली,
माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.
"गालावर हे पांढरं कसलं गं?"

पुसायला बोट वर नेलं,
तर बोटालाही होतं.