कच्च्या कौलावरचा नंबर

बेळगावचे डॉक्टर म्हणाले, अडतीस टक्के.
कार्डाला चाळीस लागतात.
मी पायाकडं बघितलं.
दोन टक्के कुठं सांडले असतील?
खानापूर बसच्या पहिल्या पायरीवर,
की तालुका कचेरीच्या जिन्यात?
अपंगांचं टेबल वरच्या मजल्यावर आहे.

कागद सगळा कानडीत.
मला येतं ते बसच्या पाटीपुरतं.
घडी घालून टोपीत ठेवला,
चार महिने भट्टीवर माती मळली.
हातानं.
पायानं तुडवणाऱ्याला पुरी मजुरी,
मला अर्धी.

मग गंगव्वा आली तीनचाकी स्कूटरवरून,
पंचायतीची, मागं कुबडी बांधलेली.
कागद वाचून दाखवला.
"अपील करता येतंय की, लुमाण्णा.
तुमचा अर्ज, आमची अर्जी,
एका वेलांटीचं अंतर.
तेवढं मी चालते."

नंबर लिहायला कागद नव्हता.
तिनं खिळा उचलला,
वाळत घातलेल्या कौलावर दहा आकडे ओढले.
गड्यानं न बघताच ते भट्टीत भरलं.

आता पक्कं झालंय. दाराशी टेकून असतं.
बोर्डाची तारीख मला अजून आलेली नाही,
माणसं मात्र येतात,
गर्लगुंजीहून, पार जांबोटीहून,
आकडे उतरून घेतात, चहा पितात, जातात.
काल नंदगडचा एक आंधळा पोरगा आला.
बहीण म्हणाली, शेवटचा एक.
त्यानं खाचेतून बोट फिरवलं,
वरच्या आडव्या रेघेशी थांबला.
"एक नव्हे गं," म्हणाला, "सात."