पिण्यास योग्य

बाटली आणता येत नाही. रिकामा ग्लास आणता येतो.
सापुताऱ्याच्या नाक्यावर पोलिसानं तो उन्हात धरला,
आत नाक घालून हुंगला, म्हणाला,
"आमां तो कंई नथी, बेन."
म्हटलं, हुंगलात मात्र बरोबर.

दांडिया बाजारात मे महिना, दुपारचे तीन.
आप्पा विचारतात, "चाखायचा पगार देतात?"
काय चाखायचा, ते नुसत्या ओठांनी;
शेजारी कुमुदबेन पापड वाळवताहेत.
म्हणून खंडेराव मार्केटातून फालसे आणले,
चुरडले, फडक्यातून गाळले.
साखर नाही, मीठ नाही.

ग्लास दांडीला धरायचा, आप्पा, पोटाला नाही,
हाताची ऊब रसाला लागते.
आता तिरपा करा, धोतरावर. पांढरं काहीही चालतं.
मधला रंग फसवतो, कडेचा बघा.
वय कडेला कळतं.
(ते आपल्या नखांकडे बघतात.)

आता नाक. आधी न हलवता.
पहिला वास बुजरा असतो,
पाहुणे आले की पलंगाखाली शिरणाऱ्या पोरासारखा.
मग एक गिरकी द्या,
रस काचेवरून सावकाश उतरू दे,
आणि परत वाका.
काय येतं? घाई नाही.
"छान" म्हटलं की परीक्षेत नापास.

आप्पा वाकतात. बराच वेळ वाकून राहतात.
"तूच सांग."

मी सांगते: वरती आंबट जांभळं काहीतरी,
त्याखाली बियांचा तुरट लाकूडपणा,
अगदी मागे ओलं गोणपाट.
"गोणपाट असणारच," आप्पा म्हणतात,
"तो पाणी शिंपडून ठेवतो फालसे."
आणि मग, ग्लास खाली ठेवत:
"मला दोन वर्षं काही येत नाही.
त्या तापात गेलं ते गेलं.
आईला बोलू नकोस.
ती विचारते, फोडणी करपली का,
मी तिच्या तोंडाकडे बघून हो नाही ठरवतो."

हा माणूस एकतीस वर्षं निमेट्याच्या केंद्रात होता.
पहाटे साडेपाचला आजव्याचं पाणी जिभेवर घ्यायचा
आणि वहीत लिहायचा:
वास, शेवाळी. चव, किंचित धातूची.
शेरा, पिण्यास योग्य.
मी नाशिकला दीड लाख भरून जे शिकले
त्याचं त्याला नावही ठाऊक नव्हतं.

उठले, ग्लास विसळला, नळाखाली भरला.
"आता हे सांग."

मी सगळं रीतसर केलं. धोतर, कड, गिरकी.
आधी क्लोरीन, दवाखान्याच्या जिन्यासारखं.
मग तांबं.
मग, थांबा हं, तापलेली माती, शेवाळ.
"शेवाळ किती?"
थोडं.
"थोडं म्हणजे? विसरलेल्या फुलदाणीएवढं, की बेडकाएवढं?"
बेडकाएवढं.
"म्हणजे तळं खाली गेलंय.
खालच्या दारातून उपसताहेत."
आणि बंद खिडकीकडे असे बघत राहिले
की आजवा तिथेच आहे, कुमुदबेनच्या पापडांपलीकडे.

मी घोट घेतला. ओठ किंचित उघडून हवा ओढली,
गालांत फिरवला, जिभेखाली नेला,
आणि मोरीकडे वळले.
थुंकणं ही आमची पहिली विद्या.
दिवसाला साठ नमुने;
गिळणारा दुपारी आडवा.

"आम्हालाही थुंकायला सांगायचे," आप्पा म्हणाले.
"पहिली काही वर्षं थुंकलो.
मग एकदा मनात आलं,
सात वाजता अख्खं बडोदं हे गिळणार,
आणि मी एकटा थुंकून घरी जाणार?"

तोंडात घोट तसाच. गाल फुगलेले.
मोरीच्या उंबऱ्यावर मी, एक पाय आत.

गिळला.

चव किती टिकते ते शेवटी मोजायचं असतं, सेकंदांत.
हे मी त्यांना अजून शिकवलं नव्हतं.
आप्पांनी मनगट वर केलं
आणि घड्याळात बघू लागले.