सोबतीचा पाय

कलंगरैच्या छापखान्यात बावीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
कलंगरै म्हणजे दीपस्तंभ.
जाफन्यात वीज नव्हती तेव्हाही आम्ही दैनिकाचं नाव बदललं नाही.
चिमणीच्या धुराने नाकपुड्या काळ्या,
आणि मी ऱ्हस्व-दीर्घ बघत बसलेली.

अप्पादुरै तिल्लैनाथन. मालक, संपादक,
आणि महिन्यातले दहा दिवस कोलंबोत खासदार.
जाताना पांढरी वेष्टी, येताना तीच, मळलेली.
सभागृहात ते तमिळमधून बोलत
तेव्हा समोरच्या बाकांवरचे लोक
दुभाष्याचे कर्णे कानांवरून काढून ठेवत.
परतल्यावर सांगायचे, "या खेपेला अकरा जणांनी ऐकलं."
भाषण आम्ही सातव्या पानावर लावायचो.
पानं चार झाली तेव्हा चौथ्या.

कागदाचं जहाज त्रिंकोमालीला अडलं.
मग शाळेच्या वह्यांचा रेघी कागद,
मग साबणाच्या खोक्यांचा पिवळा,
एकदा तर लग्नपत्रिकांचा गुलाबी,
त्यावर गोळीबाराची बातमी.
सेन्सॉरने कापलं तिथे आम्ही कोरं सोडायचो.
चहाच्या दुकानात म्हातारे त्या कोऱ्यावर बोट फिरवून
एकमेकांना वाचून दाखवायचे.

आमच्या भाषेत माणूस मरत नाही, काळ होतो.
कालमानार्, असं छापतात.
त्यातला जो काना, त्याला आम्ही म्हणतो सोबतीचा पाय.
शब्द एक, पाय किती लागतात मोजा.
खिळ्यांच्या पेटीत तोच खण आधी रिकामा झाला.
"अम्मा, पाय संपत आलेत," सिन्नरासा म्हणाला
आणि मग स्वतःच गप्प झाला.
इस्पितळातही त्या आठवड्यात तेच म्हणत होते.

वेलाउदम् मास्तरांना विहिरीवर मारलं,
हातात राजू तसाच, बादली अर्ध्यावर.
मारणारी पोरं आमचीच, जंगलातून आलेली.
गल्लीने ओळखली.
एकाला तर अक्षरं मास्तरांनीच गिरवायला लावली होती.
मालकांनी ओळ स्वतः लिहिली : अनोळखी इसमांनी.
मी तपासली.
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.
त्यांनी मान वर केली नाही. मीही.

खालच्या खणात त्यांनी स्वतःची मरणाची जाहिरात
जुळवून, दोरीने बांधून ठेवली होती.
नाव, गाव, कुणाचा मुलगा, सगळं पक्कं.
दर पोंगलला सिन्नरासा वय तेवढं बदलायचा.
"बरोबर?"
"बरोबर."
त्या वर्षी एकसष्ट.

अमलदास पहाटे सायकलवर अंक टाकायचा.
गुरुनगरच्या कोळ्याचा मुलगा, शिट्टी भलतीच बेसूर.
पन्नैच्या पुलाजवळ सापडला.
गठ्ठा तसाच कॅरिअरला. दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.
कुणी मारलं? त्या महिन्यात
तीन जणांनी तीन बाजूंनी आम्हाला धमक्या दिल्या होत्या.

मालक कोलंबोहून आले, चप्पल न काढता आत गेले,
खालचा खण उघडला.
आपलं नाव एकेक खिळा करून मोडलं.
चष्म्याने नीट दिसत नव्हतं, सिन्नरासाला हात लावू दिला नाही.
नाथनमधला पाय काढला, दासला लावला.
वयाशी आले आणि थांबले.
मग इंग्रजी आकड्यांतला तो एकसष्ट
चिमट्याने उचलून, उलटा करून, पुन्हा बसवला.
एकोणीस.
नवा खिळा लागलाच नाही.

त्या दिवशी पहिल्या पानावर मारणाऱ्यांसाठी जागा सोडली होती.
कोरी.
'अनोळखी' नव्हतं.

युद्ध संपलं, ते दोनदा निवडणूक हरले.
आता ऐंशीला आलेत, काठी घेत नाहीत.
परवा छापखान्याच्या पायरीवर भेटले.
"माझा मजकूर तपासलास का गं?"
मी म्हटलं, अय्या,
अजून पाय आले नाहीत.