हेडची मोजणी

रबाळ्यात, खडी फोडणाऱ्यांच्या मागच्या गल्लीत,
बाकावर उलटं ठेवलंय बुलेटचं हेड.
वाटीसारखं. दोन्ही व्हॉल्व्ह बसवलेले, प्लग पिळून घट्ट,
काठावर ग्रीसची बारीक वळ
आणि वर अ‍ॅक्रिलिकची चकती, तिला दोन भोकं:
एक पाणी जायला, एक हवा निघायला.
पाणी म्हणजे रॉकेल. त्यात स्टिअरिंगचं लाल तेल, नावापुरतं,
दिसावं म्हणून.

ब्युरेट माझी.
वाशीच्या कॉलेजात अकरा वर्षं प्रयोगशाळा सांभाळली,
विज्ञान शाखा बंद झाली त्या दिवशी
फुटक्या काचेच्या खोक्यात ही एकच धड होती,
ओढणीत गुंडाळून घरी आणली.
आता चुलतसासऱ्यांच्या वर्कशॉपात बिलं लिहिते,
आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून
आकडेही वाचते.

ब्युरेट वरून खाली वाचायची.
डोळा रेषेच्या उंचीवर आणायचा, त्यासाठी गुडघ्यावर बसायचं,
आणि काचेला चढलेली कड सोडून
मधला झोल पकडायचा.
मुलांना हे शिकवताना मुलं हसायची.
कळंबोलीचा जसबीर हसत नाही. हेल्मेट पोटाशी धरून उभा आहे.
गाडी वडलांची. पारसिकच्या चढावर टकटक करते.
कुणीतरी सांगितलंय, आधीच्याने हेड जास्त घासलं,
कॉम्प्रेशन वाढलं, जाड गॅस्केट टाक.

पन्नासची नळी रिकामी झाली, परत भरली,
भोकातून लाल थेंब वर आला तशी तोटी बंद.
चोपन्न पूर्णांक सहा, मी म्हटलं.
बिलाच्या पाठीवर मांडलं:
बोअर साडेसत्तर, स्ट्रोक नव्वद, म्हणजे ३५१.३.
गॅस्केटचे ४.१.
पिस्टन काठाच्या अर्धा मिलिमीटर खाली थांबतो, त्याचे दोन.
भागाकार केला. ६.७९.
जसबीरने मान हलवली, जणू अहवाल हाती आला.

हसुरामकाका म्हणाले, "नाय."
"नाय कसं? मी वाचलंय."
"तू बरोबर वाचलंस. मना मोजलेलं पटत नाय."
आणि नखाने चकतीवर टिचकी मारत गेले,
एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे,
कलिंगड घेताना मारतात तशी.
टक. टक. टक. मग एका जागी
आवाज बसला.
"इथं बग."

ग्रीसच्या पुसटीखाली, जुन्या रुपयाएवढा,
बुडबुडा.
माझे डोळे नळीवर होते. त्यांचे कुठेच नव्हते.

"कमी भरलं का आत हवा हाय. जास्त भरलं का खाली भोक.
घनसोलीच्या खाजनाची मोजनी झाली तवा
साखळी घेऊन आलेला माणूस बांधावरून चालला.
मधी पानी होतं, मधी कोन उतरनार?
बापाने सांगितलं, वर्सभर पानी नसतं यात.
त्याने लिवलं नाय."
एवढंच बोलून हेड एका कडेने उचललं,
भोक वर येईल असं तिरकं.
बुडबुडा सरकत गेला आणि एक बारीक उचकी देऊन संपला.

आणखी दोन पूर्णांक आठ गेले आत.
सत्तावन्न पूर्णांक चार.
हात थरथरत होता म्हणून पुसून पहिल्यापासून भरलं.
तेवढेच आले.
६.५३. कंपनीच्या पुस्तकात साडेसहा.

म्हणजे हेड कुणी घासलंच नव्हतं फारसं.
ज्याला जसबीर तीन महिने शिव्या देत होता
तो बिचारा बरोबर होता.
पिस्टन कितीही वर आला तरी त्याला न मिळणारी जी जागा,
ती होती तेवढीच आहे. ठिणगी लवकर पडते.
काकांनी प्लेटचे स्क्रू सैल करायला घेतले, बोटांनी चाचपत.

बिलात मी "मोजणी" असं लिहिलं आणि रक्कम विचारली.
ते म्हणाले, "लिव काय ती.
पन पयली पन लिव. चुकलेली."
जसबीर म्हणाला, तिचेही पैसे?
कुणी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी ब्युरेट रॉकेलने धुऊन खिळ्याला टांगली.
तोटीच्या टोकाशी एक थेंब
अजून लोंबतोय,
नळीतून निघालेला, कुठेच न पडलेला.