अनेरचा डावा खांदा

गिरासे आले होते आईचा गोठलेला खांदा घेऊन
शहाद्याच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या माझ्या खोलीत,
जिथे भिंतीला एक चाक, एक दोरी, मेणाचं भांडं
आणि सांगाड्याचं पिवळं पडलेलं चित्र.
आईला चपला घालता घालता त्यांनी विचारलं,
बाई, घोडीचं करता का?

मी म्हटलं, खांदा तो खांदाच.
खोटं होतं ते.
घोड्याला गळ्याखालचं आडवं हाडच नसतं.
पुढचे पाय नुसत्या मांसाने टांगलेले धडाला,
लेकराची झोळी टांगावी तसे.
एवढा मोठा जीव
आणि कुठेच नीट अडकवलेला नाही.

अनेर तिचं नाव. नदीवरून ठेवलेलं.
पाच वर्षं वरातींत नाचली,
बाजेवर चारी खूर गोळा करून, घुंगरांसकट.
वैशाखात एका हळदीत बाजेचा पाय मोडला,
नि हिचा खांदा.
गुरांचे डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे.
ते गेले.
बाकीचं सगळं राहिलं.

पहिला आठवडा मी काही केलं नाही.
तळहात ठेवला आणि उभी राहिले.
सईस दगा कडब्यावर बसून हसायचा,
ह्याचे पैसे घेता?
मग कोमट तिळेल, तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी,
आणि खवाट्याच्या कडेकडेने जाणारा अंगठा.
तिथे एक गाठ. बोराच्या आठळीएवढी.
ती दाबायची नाही.
तिच्या शेजारी जाऊन बसायचं,
भांडण झालेल्या घरात बसतो तसं,
कुणाचीच बाजू न घेता.

अकराव्या दिवशी तिचा खालचा ओठ सुटला.
डोळे अर्धे मिटले, जीभ फिरली,
आणि मग जांभई, एकामागून एक सहा,
सगळे दात दाखवत.
दगा कडब्यावरून उठून उभा राहिला.

दसऱ्यानंतर तापीत, पोटाएवढ्या पाण्यात चालवली.
पाणी निम्मं ओझं उचलतं, काही विचारत नाही.
मग बागेतून कापलेले केळीचे खांब
वाटेत आडवे मांडले, पावलापावलावर.
पाय लागला तरी लागू नये असे, मऊ.
आधी सगळेच तुडवले तिने. चीक उडाला,
माझ्या साडीवरचे ते डाग अजून आहेत.
कार्तिक संपता संपता
एकाही खांबाला खूर न लावता ती पलीकडे गेली
आणि वळून आमच्याकडे बघितलंही नाही.

गिरासे रोज फोन करायचे.
घोडी कशी शे आते?
बरी शे, मी म्हणायचे.
पुढचा प्रश्न ते विचारत नसत. मी सांगत नसे.

सारंगखेड्याच्या यात्रेत धूळ, ऊस, मोरपिसांचे गोंडे.
अनेर उभी होती चकचकीत, चारी पायांवर सारखी.
ढोल वाजला. पहिलीच थाप.
माझा हात तिच्या खांद्यावरच होता.
तिथे दुखत नव्हतं काही, शपथेवर सांगते.
पण खालचं मांस दगड झालं,
दुखणं यायच्या आधीच
त्याच्यासाठी दार लावून घेतलं तिने.

मी गिरासेंचा हात धरून तिथे ठेवला.
बोलले नाही.
पुन्हा थाप. पुन्हा दगड.
ते बराच वेळ तसेच उभे राहिले, फेट्याचा शेव तोंडात धरून.
मग खाली बसले आणि घुंगरं सोडू लागले.
एक गाठ सुटेना, तर दगाला म्हणाले, राहू दे,
ओढू नको.

गर्दीतून कुणी ओरडलं, सुपारी घेतली ना!
देईन परत, ते म्हणाले. खालीच बघत.

आता ती नदीकाठी चालते. उगाचच.
कधी पाठीवर दगाचं पोर असतं.
गिरासेंच्या आईचा हात मात्र कानापर्यंतच पोचतो,
वर जात नाही.
परवा म्हातारी म्हणाली, माले बी
त्या केळीवरून चालव ना एकदा.

आणि माझा हा अंगठा.
थंडीत मुळाशी ठणकतो.
दवाखान्यातून घरी येऊन मी तो दुसऱ्या तळहातात धरते.
दाबत नाही.