हीटर फुल

गाडी गार होऊ दे, म्हणालो.
हुमैद हसला. ऑगस्टात? इब्रीत?
इथे गार काय होतं? चहासुद्धा होत नाही.

म्हणून रात्री दीडला आत घेतली.
जुनी हायलक्स, डिझेल,
हौद्यात लसूणघासाच्या काड्या, उंटाचा वास.
बॉनेटवर पालथा हात ठेवला, पोराचा ताप बघतात तसा.
निवली होती.
निवली म्हणजे, हात ठेवता येईल इतपत.

गारगोटी डेपोत एका क्लीनरला बघितलंय मी
घाईत झाकण फिरवताना. गोणपाट होतं हातात, पण आखूड.
तेव्हापासून पाव फेरा फिरवतो, थांबतो, ऐकतो.
फुस्स नाही झालं तरी थांबतो.

मग पुठ्ठ्यावर पाठ, दातांत बॅटरी.
रेडिएटरच्या तळाशी पांढरा प्लास्टिकचा कान.
त्याला जोर लावायचा नसतो, समजूत काढायची असते.
आधी थेंब, मग करंगळीएवढी धार, मग सगळंच घमेल्यात.
लाल असायला हवं होतं.
आलं ते विटकरी, गढूळ, खाली पांढरी खर.

पाणी कुठलं घातलंस?
फलजचं, म्हणाला. डोंगरातून येतं.
माझा पणजा प्यायला, खजुरी प्यायल्या,
गाडी काय त्यांच्याहून मोठी लागून गेली?

ह्याला उत्तर नसतं.
नळीतली खपली नखाने काढून
त्याच्या तळहातावर ठेवली. चुना.
एवढ्या मोठ्या डोंगराचा एवढासा कपचा.
तो बराच वेळ बघत राहिला. मग खिशात टाकली.

वास गोडसर असतो, काकवीसारखा.
शेडमधली मांजरं येतात त्या वासाला.
चाटतात, आणि दोन दिवसांनी कंटेनरमागे सापडतात.
मी घमेल्यावर फळी ठेवतो, फळीवर जॅक.
एवढं कशाला, म्हणतो रोतन.
त्याला अजून एकही उचलावं लागलेलं नाही.

आता धुणं.
नळाचं पाणी चालत नाही, दुकान सकाळी उघडतं.
पण आमच्या खोलीचा एसी ठिबकतो.
पाच वर्षं त्याच्याखाली डबा लावलाय मी.
रात्रीला दोन लिटर, कपडे आत वाळत घातले तर तीन.
आठ माणसं झोपतात तिथे.
शब्बीरचं घोरणं, पांडियनचे ओले बनियन,
नेगी उशीत तोंड खुपसून फोनवर जे काय बोलतो ते,
सगळं त्या नळीतून थेंब थेंब.
त्यात चुना नसतो. मीठसुद्धा नसतं.
तेच ओतलं.
तिने चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली.
तिसऱ्या खेपेला स्वच्छ.

नवं कूलंट ओतायचं ते हळू, सरबतासारखं गुलाबी.
घाई केली की हवा कोंडते, वळणावळणात दडून बसते.
म्हणून इंजिन चालू ठेवून हीटर फुल करायचा.
हुमैदला वाटलं, चेष्टा करतोय.
पहाटेचे तीन, बाहेर छत्तीस,
आणि आम्ही दोघं केबिनमध्ये त्या झोतासमोर,
रोतन नरसाळं धरून पुढे.
काही नाही. काही नाही.
मग वरची नळी एकदम पोळली, पातळी खाली गेली,
आणि गटकन एक बुडबुडा.

ढेकर, मी म्हणालो. मराठीतच.
माझ्या लेकीला खांद्यावर थोपटायच्या दिवसांत
मी इथेच होतो, कुणाच्या तरी पजेरोखाली.
काय म्हणालास, हुमैदने विचारलं.
पोटावर हात फिरवून दाखवला.
तो खो खो हसला, आणि स्वतःच एक दणदणीत दिली.

काटा मध्यावर येऊन थांबला. तिथेच राहिला.

निघताना त्याने सीटमागून कॅन काढला,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेला,
आणि आमच्या ओंजळीत ओतला.
फलजचंच.
दात शिवशिवले इतकं गार.
रोतनने दोनदा मागितलं.