पलीकडची भिंत

तिकीट पन्नास रुपये, ज्येष्ठांना निम्मं.
आधारकार्ड दाखवलं, पंचवीस परत घेतले
आणि चपला काढल्या
जिथे आमचा स्टोव्ह असायचा.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

रास्ता पेठ, पहिला मजला, खोली नंबर सात:
आता तिकीटखिडकी, पाण्याचं मशीन,
की-चेनला लोंबणारे चिमुकले तंबोरे, ऐंशीला एक.
खोली नंबर आठ: कालिंदीबाई बोरीकर.
मध्ये दीड वीत भिंत.

ऋजुता नावाची मुलगी माहिती देते,
गळ्यात ओळखपत्र, पाठांतर चोख.
"हा बाईंचा पानाचा डबा. हा चष्मा.
ही दरबारातून आलेली शाल.
कृपया काचेला हात लावू नका."
नागपूरचं एक कुटुंब, दोन जर्मन,
तबल्याचा क्लास बुडवून आलेला एक मुलगा,
सगळे काचेपासून हातभर लांब.

चष्मा असेल त्यांचा, नंतरचा.
मी पाहिलेल्याची एक काडी
काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती.
आणि बुधवारचा तो बांगड्याचा वास
कुठल्या काचेत ठेवलाय, बाळ?

"आणि हा त्यांचा प्रसिद्ध मंद्र,"
ती बटण दाबते.
आवाज येतो, म्हणजे खाली जातो,
विहिरीत घागर सोडावी तसा.
दोर संपत येतो, पाणी लागत नाही.
"जाणकार म्हणतात, ही गुरूंची तालीम.
काही म्हणतात, गावच्या देवळातल्या गाभाऱ्याचा संस्कार.
यावर दोन पीएचड्या झाल्यात."

माझे वडील, सोपान ढमढेरे,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात रात्रपाळीला.
संगमपुलावरून सायकल हाणत
चारला घरी, बोटांना गंधकाचा वास,
आणि सव्वाचारला पलीकडे तंबोरा.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर
तीन बुक्क्या मारल्या.
आई म्हणाली, अहो, बाईमाणूस एकटं राहतं.
ते म्हणाले, एकटं राहावं,
पण हळू राहावं.

पलीकडे सूर थांबला.
मग पुन्हा लागला, खाली.
आणखी खाली,
जिथे आवाज उरत नाही,
भिंतीला नुसती ऊब येते.
मी आठ वर्षांची. भिंतीला पाठ लावून निजायचे.
कानांना काही कळायचं नाही,
मणक्याला कळायचं: सा लागला.
वडील घोरत असायचे.

नऊ वर्षं.
मग कारखान्यानं दिवसपाळी दिली
तेव्हा आई वाटीभर साखर घेऊन गेली,
म्हणाली, आता मोठ्यानं गा हो बाई.
बाई म्हणाल्या,
आता गळाच वर यायला नको म्हणतो.

असं आईनं सांगितलं.
आई गोष्टी वाढवून सांगायची,
आणि महिनाअखेरीला आमच्याकडे साखर कुठली?
असेल, गुरूंचाच असेल मंद्र.
गाभाऱ्याचा असेल.
तीन बुक्क्यांसाठी
दोन पीएचड्या कशाला पाडायच्या खोट्या.

"कुणाला काही प्रश्न?"
जर्मन बाई विचारते, पंखा तेव्हाचाच का?
हो, तेव्हाचाच.
तेव्हा पंखा नव्हता.

सगळे मानपत्रं बघायला गच्चीकडच्या खोलीत गेले.
मी मागे राहिले.
भिंतीला नवा पिस्ता रंग.
हात लावू नका, ते काचेबद्दल होतं,
भिंतीबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं.
पाठ टेकवली. सत्तरीला आलेला मणका,
गार भिंत,
स्पीकर बंद.

पलीकडे, आमच्या खोलीत,
कुणीतरी गल्ल्यातली नाणी मोजत होतं,
हळू,
एकेक,
आवाज होऊ न देता,
जणू अलीकडे कुणी
रात्रपाळीहून येऊन झोपलंय.